उताऱ्यात लेखक तटस्थ आहे, हे नेमकं कशावरून ओळखायचं?

गोदाकाठची_रेवा
नमस्कार मंडळी. राज्यसेवा पूर्वची तयारी करते आहे, तिसरा प्रयत्न. दिवसा सातपूरला नोकरी, संध्याकाळी सात ते अकरा अशोक स्तंभाजवळच्या अभ्यासिकेत. पेपर दोनमधलं गणित आणि तर्क बरं जातं. मार खाते ती उताऱ्यांत, आणि तेही एकाच जातीच्या प्रश्नावर: 'लेखकाचा दृष्टिकोन कोणता?' पर्यायांत 'तटस्थ' असलं की माझं उत्तर हमखास चुकतं.

परवा क्लासच्या सराव पेपरात एक उतारा आला. जसाच्या तसा देत नाही, थोडा छोटा केलाय. पण क्रियापदं तीच ठेवली आहेत, कारण घोळ तिथेच आहे असं मला वाटतं.

"गोदावरीच्या ऊर्ध्व खोऱ्यातील धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याचा प्रश्न तुटीच्या वर्षी पुढे येतो. २००५ च्या कायद्यात समन्यायी वाटपाची तरतूद आहे. २०१४ च्या आदेशानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडले जाते. नाशिकमधील शेतकरी संघटनांच्या मते यामुळे द्राक्षबागांचे आवर्तन धोक्यात येते. नदीपात्रातून जाताना बरेच पाणी वाया जाते, असाही त्यांचा दावा आहे. मराठवाड्यातील संघटना पिण्याच्या पाण्याच्या गरजेकडे व कायद्यातील तरतुदीकडे बोट दाखवतात. खोऱ्यातील पाणी मर्यादित असल्याने वाटपाच्या कोणत्याही सूत्रात कोणाला तरी कमी पाणी मिळते."

पर्याय: समर्थनात्मक, टीकात्मक, तटस्थ, उदासीन. मी 'टीकात्मक' लावलं. उत्तरतालिकेत 'तटस्थ'. सरांना विचारलं तर "दोन्ही बाजू दिल्यात ना, मग तटस्थ" म्हणाले आणि पुढच्या उताऱ्याकडे वळले. माझं समाधान झालेलं नाही. शेवटचं वाक्य तर सरळ सरळ लेखकाचं मत आहे ना? आणि 'दावा आहे' हे वाचताना लेखक आमच्या विरोधात बोलतोय असंच वाटत राहिलं. (आमची दिंडोरीजवळ दोन एकर द्राक्षबाग आहे, हे सांगून टाकते.)

मिसळप्रेमी
वाखूसा (वाचनखूण साठवली). माझंही नेहमी इथेच अडतं.

मास्तर_नाशिकरोड
रेवाताई, चांगला प्रश्न काढलात. एकतीस वर्षं मराठी शिकवलं, त्यातली निम्मी वर्षं तरी मुलांना हेच समजावण्यात गेली.

'दोन्ही बाजू दिल्या म्हणजे तटस्थ' ही अर्धीच गोष्ट झाली. दोन्ही बाजू देऊन शेवटी एकीचा पुरता निकाल लावणारे लेखही असतात, आणि एकच बाजू सांगूनही लेखक तटस्थ राहू शकतो, उदा. 'अमुक संघटनेने अशी मागणी केली' एवढंच सांगणारी बातमी. मत कोणाचं आहे, ते कोणाच्या तोंडी दिलंय आणि देताना लेखकाने कोणतं क्रियापद वापरलंय, हे बघायचं.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या:
'केंद्राने ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली.'
'केंद्राने ऐन हंगामात निर्यातबंदी लादली.'
'ग्राहकांना दिलासा देण्यासाठी केंद्राने कांद्याची निर्यात रोखली.'

घटना तीच. 'लादली' आणि 'ऐन हंगामात' हे मुलं लगेच पकडतात. तिसऱ्या वाक्याला मात्र निम्मा वर्ग 'तटस्थ' म्हणतो, कारण त्यात रागाचा शब्द नाही. पण 'दिलासा देण्यासाठी' हा सरकारने सांगितलेला हेतू आहे आणि लेखकाने तो स्वतःच्या तोंडून सांगितलाय. 'ग्राहकांना दिलासा देण्यासाठी हा निर्णय घेतल्याचे केंद्राने सांगितले' असं लिहिलं असतं तर लेखक बाजूला राहिला असता. 'केंद्राने सांगितले' या दोन शब्दांना फार मोल आहे.

लासलगावकर
मास्तर, तिसऱ्या वाक्याला तटस्थ म्हणणाऱ्या पोरांना एकदा आमच्या बाजार समितीत घेऊन या, लिलाव चालू असताना. :)

एक मुद्दा राहिला पण. एकही शब्द तिरका नसताना वाक्य झुकलेलं असू शकतं. '४ मे २०२४ रोजी कांद्यावरील निर्यातबंदी उठवण्यात आली.' शंभर टक्के खरं, एकही विशेषण नाही. पण त्याच वेळी टनामागे ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क होतं, ते गाळलं की वाचणाऱ्याला वाटतं सगळं मोकळं झालं. आमच्याकडे तेव्हा माणसं म्हणत होती, दार उघडलं पण उंबऱ्यावर भिंत बांधली. आता या वाक्याला तटस्थ म्हणायचं का?

मास्तर_नाशिकरोड
@लासलगावकर, तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. वर्तमानपत्र वाचताना हे बघायलाच हवं. पण परीक्षेतला उतारा वेगळा. तिथे उताऱ्याबाहेरचं ज्ञान आणायचं नाही हा नियम आहे. काय गाळलंय हे उताऱ्यातून कळत नसेल, तर त्यावरून लेखकाला पक्षपाती ठरवता येत नाही. तुमच्यासारखा जाणकारच तिथे चुकतो, कारण त्याला उताऱ्यात नसलेलंही दिसत असतं.

पैठणचा_पोरगा
धागा सकाळपासून वाचतोय, आता राहवत नाही. रेवाताई, तुम्हाला उतारा नाशिकच्या विरोधात वाटला? मी पैठणचा, नाथसागर (जायकवाडीचा जलाशय) घरापासून तीन किलोमीटरवर. मला तो स्वच्छ नाशिकच्या बाजूने वाटला!

मोजून बघा. नाशिकच्या संघटनांना दोन वाक्यं, आम्हाला एक. नाशिकच्या द्राक्षबागा नाव घेऊन आल्या. आमचा ऊस नाही, मोसंबी नाही, नुसती 'पिण्याच्या पाण्याची गरज'. त्यांचं 'मत' आहे, आम्ही नुसते 'बोट दाखवतो', म्हणजे तक्रारखोर. माझं उत्तर 'समर्थनात्मक' असतं, नाशिकचं समर्थन.

गोदाकाठची_रेवा
अहो, तुम्ही खरंच असं वाचलंत? दोनदा वाचला तुमचा प्रतिसाद. मला 'बोट दाखवतात' अजिबात खटकलं नव्हतं. माझा सगळा जीव 'दावा' या एका शब्दात अडकला होता.

मनाचिये_गुंती
रेवा, पैठणकर, तुम्ही दोघांनी मिळून एक गाजलेला प्रयोग इथे पुन्हा करून दाखवलात. १९८५ साली स्टॅनफर्डच्या रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी विद्यार्थ्यांना १९८२ च्या बैरूत हत्याकांडाच्या टीव्हीवरच्या बातम्या दाखवल्या. बातम्या सगळ्यांना त्याच. इस्रायलच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना त्या इस्रायलविरोधी वाटल्या, अरबांच्या बाजूच्यांना इस्रायलधार्जिण्या. ज्याला त्या प्रश्नाची माहिती जास्त, त्याला पक्षपातही जास्त दिसला.

मी मानसशास्त्र शिकवते. वर्गात हे सांगितलं की मुलं 'हो हो' म्हणतात आणि पुढच्या मिनिटाला आपापल्या आवडत्या चॅनेलची बाजू घेतात. म्हणून रेवाला माझं एकच सांगणं: ज्या विषयात तुझी जमीन, जात, गाव, माणूस गुंतलाय, त्या उताऱ्यावर आधी पेन्सिलने छोटी फुली मार. 'इथे मी काठावर नाही' एवढी ती खूण. मग तो उतारा एकदा जास्त वाच.

काठावरचा
'काठावर' शब्द आलाच आहे तर सांगतो. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. आपल्या घाटावर रोज दिसतो असा माणूस. पाण्यात उतरलेला नाही, पण नदी बघतोय. उदासीन माणूस बाजूला बसलाय, नदीकडे त्याचं लक्षच नाही. पर्यायांत हे दोन शब्द शेजारी ठेवतात ते याचसाठी. ज्या लेखकाने कायद्याचं साल, टक्केवारी आणि दोन्हीकडचं म्हणणं गोळा केलंय, तो उदासीन कसा असेल?

पुरात दुतोंड्या मारुती (गोदापात्रातली मूर्ती) बघायला जाणाऱ्यांना लगेच कळेल. 'पाणी मारुतीच्या कमरेला लागलं' हे तटस्थ वाक्य. 'गोदामाय कोपली' हे नाही. 'महापालिकेने वेळेत इशारा दिला असता तर टपऱ्या वाचल्या असत्या' हे टीकात्मक, आणि टीका रास्त असली तरी ती टीकाच. पुराच्या दिवशी माझे आजोबा घरी येऊन फक्त 'गुडघ्याला', 'कमरेला', 'गळ्याला' एवढंच सांगायचे. आजी त्यावरूनच ठरवायची की तळघरातली धान्याची पोती वर न्यायची की नाही.

मिसळप्रेमी
आजोबांचं वाचून मन भरून आलं. आमच्याकडे आई दोन्ही सुनांच्या भाजीला 'झाली' एवढंच म्हणते. इतका तटस्थ शेरा आयोगालाही काढता येणार नाही.

निवृत्त_मेरी
दिंडोरी रोडला मेरीत (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत) नोकरी केली, पाण्याचा हिशेब हा आमचा रोजचा विषय. म्हणून या उताऱ्यावर थोडं.

शेवटचं वाक्य रेवाला मत वाटलं, ते मत नाही. खोऱ्यात पाणी मर्यादित आणि मागणी त्याहून जास्त, तर कोणतंही सूत्र लावा, कोणाच्या तरी वाट्याला कमी येणार. ही वजाबाकी आहे. त्यात 'म्हणून अमुक सूत्र योग्य' असं लेखकाने म्हटलं असतं तर ते मत झालं असतं.

पण उत्तरतालिकेशीही मी पूर्ण सहमत नाही. नदीतून पाणी सोडलं की काही पाणी वाटेत जिरतं, काही वाफ होऊन जातं. याला वहनव्यय म्हणतात आणि तो होतो हे कोणताही अभियंता मान्य करेल. वाद आहे तो किती होतो यावर. मान्य गोष्टीला 'दावा' म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात उगाच शंका शिरते. तेव्हा रेवाला तो शब्द टोचला ते अगदीच चूक नाही. (दुसरं, 'सोडले जाते' इतकं ते सरळ नसतं. आधी वरच्या धरणांतले साठे, खरिपातला वापर हा सगळा हिशेब होतो. मेंढेगिरी समितीने त्यासाठी तक्ते करून दिले आहेत. पण तो या धाग्याचा विषय नाही.)

अधिकारी_होणारच
काकांच्या मुद्द्याचा आदर आहे, पण परीक्षेच्या खोलीत इतका विचार करायला वेळ नसतो. ८० प्रश्न, दोन तास, प्रश्नाला अडीच गुण, चुकला की पाव भाग वजा, म्हणजे ०.६२५. पेपर आता पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के म्हणजे ६६ गुण लागतात. तरी दरवर्षी पेपर एक चांगला जाऊनही यातच अडकणारे मित्र मी पाहतो.

मी असं करतो. उताऱ्यात जिथे जिथे मत दिसेल तिथे समासात एक अक्षर लिहायचं: 'ले' म्हणजे लेखकाचं, 'इ' म्हणजे इतरांचं. 'च्या मते', 'असे मानले जाते', 'असा आरोप आहे', 'म्हणतात' आलं की 'इ'. 'दुर्दैवाने', 'केवळ', 'तथाकथित', 'खरे तर', 'व्हायला हवे', 'पाहिजे' आलं की बहुतेक वेळा 'ले'. शेवटी समासात एकही 'ले' नसेल तर तटस्थ. रेवाताईंच्या उताऱ्यात मला तीन 'इ' मिळाले, 'ले' शून्य. चाळीस सेकंद.

शब्दवेडी
@अधिकारी_होणारच, पद्धत आवडली. तुमच्या यादीत मराठीतली दोन सर्वात लहान अक्षरं मात्र राहिली: 'च' आणि 'ही'.

'समितीने अहवाल दिला' आणि 'समितीनेच अहवाल दिला'. 'मंत्री आले' आणि 'मंत्रीही आले'. दुसऱ्यात लेखक डोळा मारतोय. तसंच 'म्हणे'. 'रस्ता सहा महिन्यांत होणार' आणि 'रस्ता म्हणे सहा महिन्यांत होणार'. त्या एका 'म्हणे'त लेखकाचा सगळा अविश्वास आला, तेव्हा तिथे 'इ' नाही, 'ले' लिहायचं. 'म्हणतात' आणि 'म्हणे' यांत गल्लत करू नका.

माझी सवय अशी: संशयास्पद वाक्यातला तो शब्द बोटाने झाकून वाचते. अर्थ तोच राहिला आणि फक्त सूर बदलला, तर झाकलेल्या शब्दात लेखक बसलेला असतो.

सोनचाफा
बोटाने झाकायची युक्ती लेकीला दाखवली, आठवीत आहे. तिने इतिहासाचं पुस्तक उघडून दहा मिनिटांत चार 'च' काढले. आता थांबतच नाहीये.

दुभाषी
भाषांतराचं काम करते, म्हणून 'बोट दाखवतात'वर जरा थांबले. हे मला मूळ मराठी वाटत नाही. इंग्रजीत 'पॉइंट आउट' म्हणजे निदर्शनास आणणे, लक्ष वेधणे. त्यात आरोप नाही. मराठीत एखाद्याकडे बोट दाखवलं की ते दोष देणं होतं. उतारा इंग्रजीतून घेतलेला असणार आणि करणाऱ्याने सरळ शब्दाला शब्द ठेवला. पैठणकरांना जे टोचलं ते लेखकाचं नाही, भाषांतराचं आहे.

आयोगाच्या पेपरात बरेच उतारे दोन्ही भाषांत शेजारी शेजारी असतात. क्रियापद खटकलं तर इंग्रजी रकान्यात तेवढंच वाक्य बघून घ्या. तिथे 'क्लेम' आहे, 'आर्ग्यू' आहे की 'से' आहे, यावरून पुष्कळ उलगडतं. मराठीत तिन्हींचं कधी कधी 'दावा करतात' होऊन बसतं.

पैठणचा_पोरगा
हे पटलं. 'लक्ष वेधतात' टाकून वाचलं तर माझी निम्मी तक्रार गेली. निम्मी अजून आहे. दोन वाक्यं विरुद्ध एक, त्याचं काय?

मास्तर_नाशिकरोड
वाक्यं मोजून तटस्थता ठरत नाही हो. एका बाजूचं म्हणणं सांगायला दोन वाक्यं लागतात, दुसरीचं एकात मावतं. आठ ओळी विरुद्ध अर्धी ओळ असं असेल तर प्रश्न विचारा. दोनास एक चालतं.

लासलगावकर
मास्तर, ज्याला एक मिळालं त्याला ते चालत नाही. पाण्याचंही तसंच आहे.

काठावरचा
जरा विषयांतर, पण सरावासाठी सांगतो. सार्वजनिक वाचनालयात जा. १८४० ची संस्था, पेपर वाचायला अजूनही गर्दी असते. एकाच दिवशीची एकच बातमी चार पेपरांत वाचायची आणि फक्त क्रियापदं वहीत उतरवायची. मी एकदा निवडणुकीच्या दिवसांत केलं होतं. त्याच नेत्याने त्याच सभेत एका पेपरात 'सांगितले', दुसऱ्यात 'ठणकावले', तिसऱ्यात 'कबूल केले', चौथ्यात 'सारवासारव केली'. पाचवीतल्या पोरालाही कळेल कोण कुठे उभा आहे. पंधरा दिवस हे केलंत की क्लासची गरज नाही.

अधिकारी_होणारच
क्लासची गरज नाही हे जरा जास्त होतंय काका, पण वहीची कल्पना उत्तम.

मनाचिये_गुंती
रेवा, कुठे आहेस? उताऱ्यांचं काय झालं?

गोदाकाठची_रेवा
उशीर झाला, माफ करा. मार्चएंड होता, कंपनीतून निघायलाच नऊ वाजत होते.

सांगते. जुन्या पेपरांतले वीस उतारे काढले आणि समासात 'ले'-'इ' लिहीत सोडवले. दृष्टिकोनाचे सात प्रश्न होते, सहा बरोबर आले. याआधी सातात दोन यायचे. जो चुकला तो शेतमालाच्या भावावरचा होता आणि त्यावर मी फुली मारायला विसरले होते.

दुसरं. रविवारी गावी गेले होते तेव्हा हा उतारा पपांना मोठ्याने वाचून दाखवला. विषय पाण्याचा, मला वाटलं आता चिडतील. ते छाटणीची कात्री पुसत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "यात खोटं काय आहे? ते 'दावा' तेवढं काढायला सांग." मग थोडं थांबून, "पैठणला प्यायला नाही हे पण खरंच आहे." मी पपांच्या वतीने रागावले होते आणि पपा रागावलेच नव्हते.

उत्तर 'तटस्थ' हे आता मान्य. पण निवृत्त काकांशीही सहमत, दोन क्रियापदं नीट नाहीत. सरांना तसं लिहून देणार आहे. पैठणकर, ती वाक्यं आपण दोघांनी मिळून नीट करायची का? तुम्हालाही पटतील आणि मलाही, अशी.

पैठणचा_पोरगा
आनंदाने. माझा मसुदा:
"या निर्णयामुळे द्राक्षबागांचे आवर्तन धोक्यात येते आणि नदीपात्रातून जाताना बरेच पाणी वहनव्ययात जाते, असे नाशिकमधील शेतकरी संघटना सांगतात. पिण्याच्या पाण्याची गरज आणि कायद्यातील तरतूद यांकडे मराठवाड्यातील संघटना लक्ष वेधतात."

गोदाकाठची_रेवा
आम्ही 'सांगतो' आणि तुम्ही 'लक्ष वेधता'? दोन्हीकडे 'सांगतात' ठेवू या. आणि तुमची मोसंबी घाला, आमची द्राक्षं आहेत तर.
"...असे नाशिकमधील शेतकरी संघटना सांगतात. पिण्याच्या पाण्याची व मोसंबीच्या बागांची गरज आहे आणि कायद्यात तशी तरतूद आहे, असे मराठवाड्यातील संघटना सांगतात."

पैठणचा_पोरगा
मंजूर. मोसंबीबद्दल आभार, ताई.

निवृत्त_मेरी
'बरेच' काढा. किती, हाच तर सगळा वाद आहे.